मदत हवी आहे: दोन माद्या एकाच घरट्यावर खुडूक, अंडी मात्र वेगवेगळ्या तारखांची

काठावरची
नमस्कार मंडळी. माझ्याकडे थोडी बदकं आहेत. खुराड्याच्या कोपऱ्यात गवताचं एक घरटं झालंय आणि दोन माद्या त्याच एका घरट्यावर अंगाला अंग लावून बसल्या आहेत. छातीची मऊ पिसं उपटून अंड्यांभोवती गादी केली आहे. हात पुढे केला की शेपूट पसरून फिसकारतात. म्हणजे खुडूक, अंडी उबवायला बसलेल्या, पक्क्या आहेत, त्यात शंका नाही.

अडचण अंड्यांची आहे. खाली वीसच्या आसपास अंडी असावीत. पहिली मादी आधी बसली, दुसरी साधारण आठवड्याने. त्यातच तिसरी मादी संधी मिळाली की आत शिरते आणि ताजं अंडं घालून जाते. आता कुठलं अंडं कधीचं, काही कळत नाही. पिल्लं एकदम निघणार नाहीत, मग उरलेल्या अंड्यांचं काय? शिवाय रोज एकदोन अंडी घरट्याबाहेर, कडेला थंड पडलेली सापडतात. माद्यांना त्रास न देता हे कसं सोडवू? एकही जिवंत अंडं वाया जाऊ नये असं फार वाटतंय.

पाणकणीस
पिल्लं एकदम निघणार नाहीत ही काळजी अगदी बरोबर आहे. पहिली पिल्लं निघून सुकली की एकदोन दिवसांत आई त्यांना घेऊन घरटं सोडते. मागे राहिलेल्या अंड्यांत जीव असला तरी ती थांबत नाही. म्हणून आज ना उद्या अंडी वयानुसार वेगळी करावीच लागतील.

अंधार पडल्यावर बारीक झोताचा टॉर्च घ्या आणि अंड्याचं बोथट टोक त्यावर टेकवून एकेक अंडं बघा. आठवडाभर उबलेल्या अंड्यात मधे एक गडद ठिपका आणि त्यातून कोळ्याच्या पायांसारख्या निघालेल्या लाल शिरा दिसतात. दोन आठवड्यांच्या अंड्यात बराच भाग काळा दिसतो, थोडा वेळ स्थिर धरलं तर आत हालचालही दिसते. तीन आठवडे उलटले की बोथट टोकाचा हवेचा कप्पा सोडून जवळपास सगळं काळंच. काहीच दिसलं नाही, नुसतं पिवळट उजळ अंडं, तर ते फोल, म्हणजे गर्भच न धरलेलं असेल किंवा अगदी ताजं. रक्ताची एक गोल रेघ दिसली तर गर्भ मेलेला आहे, ते काढून टाका. कुजलेलं अंडं घरट्यात फुटलं की बाकीची अंडीही नासतात.

खूण पेन्सिलीनेच करा. कवचाला बारीक छिद्रं असतात, मार्करची शाई नको. मळ दिसला तरी अंडी धुऊ नका, वरचा संरक्षक थर निघून जातो.

दलदल
एक विचारायचं होतं. तिघींपैकी कुणाच्या तोंडावर लाल मांसल गाठी आहेत का?

काठावरची
हो, त्या तिसरीच्या आहेत! बसलेल्या दोघी साध्या आहेत.

दलदल
मग ती मस्कोव्ही आहे, म्हणजे बदकांची वेगळीच जात. तिची अंडी उबायला साधारण 35 दिवस लागतात, साध्या बदकांची 28. एकाच दिवशी ठेवली तरी आठवड्याचा फरक पडणार. तिची अंडी या घरट्यात अजिबात राहू देऊ नका. तुमचा नर साधा असेल तर त्या अंड्यांतून संकरित पिल्लं निघतील आणि त्यांना पुढे पिल्लं होत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

तिच्यासाठी खुराड्याच्या दुसऱ्या टोकाला आडोशाचा खोका ठेवा आणि बसलेल्या दोघींपुढे जाळीचा आडपडदा लावा. आज घरट्यात आहेत त्या सगळ्या अंड्यांवर गोल रेघ ओढून ठेवा. उद्यापासून रेघ नसलेलं जे दिसेल ते त्याच दिवशी उचलायचं, खायला चालतं.

पाणकणीस
बाहेर पडणाऱ्या अंड्यांबद्दल: एका मादीच्या अंगाखाली दहा-बारा अंडी नीट झाकली जातात. दोघी मिळून वीस झाकतील असं वाटतं, पण मधे फट राहते. दोघी एकमेकींकडून अंडी ओढतात, त्यात एखादं बाहेर घरंगळतं. त्यामुळे खरा उपाय दोन घरटी हाच.

दुसरं घरटं पहिल्याला लागूनच करा, मधे एक फळी उभी करा. रात्री दुसऱ्या मादीला उचलून तिकडे ठेवा. खाली त्याच घरट्यातलं गवत आणि पिसं हवीत. मोठ्या वयाची अंडी पहिलीकडे, कोवळी दुसरीकडे. सकाळी ती उठून परत जुन्या जागी गेली तर रागावू नका, पुन्हा रात्रीच हलवा. दिवसा हलवलेली मादी बहुधा टिकत नाही.

हिरवीमान
माझं मत थोडं वेगळं आहे. दोघी गुण्यागोविंदाने बसत असतील तर लगेच तोडू नका. जागा बदलली की काही माद्या अंडीच सोडून देतात, मग दोन्हीकडचं जातं. मी असते तर फक्त कोवळी अंडी काढून इन्क्युबेटरमध्ये 37.5 अंशांवर ठेवली असती आणि मोठी दोघींखाली राहू दिली असती. मात्र कवचाला पहिला टोचा पडला की दुसरीला वेगळं करा. एका घरट्यात दोन आया असल्या की पिल्लांवरून भांडतात आणि पिल्लं पायाखाली येतात.

काठावरची
रात्री टॉर्चने पाहिलं. फार आभारी आहे, पहिल्यांदाच आतली हालचाल दिसली आणि डोळे भरून आले. बरीचशी काळी, काहींत नुसत्या शिरा, तीन पूर्ण उजळ. इन्क्युबेटर नाही, म्हणून फळी लावून दोन घरटी केली आहेत. दुसरी मादी नव्या जागी बसली. पण ती दिवसातून एकदा उठून अर्धा तास पाण्यात जाते आणि भिजलेल्या अंगाने परत येऊन बसते. चालेल ना?

पाणकणीस
चालेल, ते हवंच आहे. ओल्या पिसांनी अंड्यांना दमटपणा मिळतो आणि आतला पडदा वाळून कडक होत नाही. जाताना ती अंडी पिसांनी झाकते का एवढं पाहा. दाणा-पाणी घरट्याजवळ ठेवा पण अगदी चिकटून नको. तिने उठायला हवं, नाहीतर बसूनबसून फार खंगते. शेवटच्या तीन दिवसांत मात्र अंड्यांना हात लावू नका. टोचा पडल्यावर पिल्लू बाहेर यायला एक-दोन दिवस लागू शकतात. कवच सोलून मदत केली तर आतल्या शिरा तुटून रक्त जातं.

दलदल
आणि पिल्लांचं पाणी उथळ ठेवा, चोच पूर्ण बुडेल इतकंच, तळाशी गोटे टाकून. कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य देणार असाल तर त्यात ब्रुअर्स यीस्ट मिसळा. त्यात नायसिन हे ब गटातलं जीवनसत्त्व असतं. बदकाच्या पिल्लांना ते जास्त लागतं, कमी पडलं तर पाय वाकडे होतात.