जीपीए ३.२, ऑरगॅनिकमध्ये सी प्लस: विषय परत घ्यायचा की पुढे जायचं?

जुईची आई
लेक न्यू जर्सीत सरकारी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे, प्री-मेड, म्हणजे पदवीनंतर मेडिकलला जायची तयारी. तीन सेमिस्टर झाल्या, ४८ क्रेडिट, जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, ४ पैकी ३.२ (ए ला ४). डिसेंबरात ऑरगॅनिक केमिस्ट्री १ चा निकाल लागला, सी प्लस. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. तिचे बाबा म्हणतात, उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात ऑरगॅनिक परत घे, ए आण, डाग पुसून टाक. मला हे अजिबात पटत नाही.

एमडीचा, म्हणजे इथल्या डॉक्टरकीच्या पदवीचा, अर्ज ॲमकास या सामाईक अर्ज-व्यवस्थेतून जातो आणि तिथे जुनी ग्रेड पुसली जात नाही, दोन्ही धरतात. ४८ क्रेडिटचे ३.२ म्हणजे १५३.६. त्यात चार क्रेडिटच्या ए चे १६ मिळवा आणि ५२ ने भागा: ३.२६. अख्खा उन्हाळा घालवून सहा शतांश! त्यापेक्षा उरलेल्या ७२ क्रेडिटना ३.८ राखला, तर पदवीला ३.५६ होतो. सी प्लस बहुतेक ठिकाणी चालून जातो, सी मायनस असता तर गोष्ट वेगळी. माझं म्हणणं, मागे वळू नये. सेमिस्टरला १६ ऐवजी १२ क्रेडिट घ्यावेत आणि तेवढ्यात ए आणावेत. पदवीला एक सेमिस्टर उशीर झाला तरी चालेल.

मिशिगनचा बाबा
ताई, गणित बरोबर आहे, पण पोर त्या गणितात कुठे आहे? आमच्या मुलाला ऑरगॅनिक १ मध्ये बी मायनस होता. आम्हीही हेच म्हणालो, झालं ते झालं, पुढे चल. ऑरगॅनिक २ मध्ये सी आला, बायोकेमिस्ट्रीत पुन्हा सी प्लस. पाया कच्चा आणि वर मजले चढवत गेलो. एमकॅटला, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, बसला तेव्हा तेच धडे पहिल्यापासून उघडावे लागले. तुमच्या मिस्टरांचं कारण चुकीचं असेल, सल्ला चुकीचा नाही. विषय परत घ्यावा, ग्रेडसाठी नाही, समजण्यासाठी.

खारघर
एवढी ओढाताण कशाला? इकडे एखाद्या अभिमत विद्यापीठात एनआरआय कोट्यातून एमबीबीएस करू द्या.

जुईची आई
@खारघर, त्यासाठी नीट द्यावी लागेल, मग इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, आणि इथे परतायचं तर यूएसएमएलई ही परवाना परीक्षा आणि रेसिडेन्सीची, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाच्या जागेची, रांग. तिला राहायचंय इथेच. तो रस्ता आमच्यासाठी नाही.

रात्रपाळी
मी रेसिडेंट आहे. पदवीला माझा जीपीए ३.१ होता, तेव्हा जवळून पाहिलंय ते लिहिते.

काका, ऑस्टिओपॅथीच्या, म्हणजे डीओच्या (इथे डॉक्टर व्हायची दुसरी पदवी) अर्जात पूर्वी परत घेतलेल्या विषयाची नवी ग्रेडच धरत. २०१७ मध्ये ते बंद झालं. जुन्या ओळखीतले लोक अजून तोच सल्ला देतात, कदाचित जुईच्या बाबांनीही तोच ऐकला असेल.

पदवीनंतर मी इमर्जन्सीत स्क्राइबची, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी लिहायची, नोकरी केली आणि संध्याकाळी पोस्ट-बॅकचे, पदवीनंतरच्या जादा विषयांचे, वर्ग. ३२ क्रेडिट, सगळे ए. एकूण जीपीए किती हलला? १२० क्रेडिटचे ३७२, त्यात १२८ घाला, भागिले १५२: ३.२९. बस. पण अर्जात वर्षागणिक जीपीए वेगळा दिसतो, पोस्ट-बॅकचा तर स्वतंत्र ओळीत. मुलाखतीत मला विचारलं ते त्या ओळीबद्दल. पहिल्या वर्षी कुठूनही बोलावणं नाही, दुसऱ्या वर्षी डीओ कॉलेजात प्रवेश मिळाला. पहिला अर्ज घाईत केला होता, ते चुकलंच.

आणि ताई, तुमच्या १२ क्रेडिटलाही माझा विरोध आहे. एखादी सेमिस्टर ठीक. कायम हलकं ओझं घेऊन आणलेल्या ए वर प्रवेश कमिटी विश्वास ठेवेलच असं नाही. मेडिकलचं पहिलं वर्ष अंगावर कोसळतं, तिथे कमी विषय घ्यायची सोय नसते.

केमिस्ट्रीवाली
मी चार वर्षं ऑरगॅनिकची टीए, म्हणजे प्राध्यापकांची शिकवणी-सहायक, होते. परत घ्यावं की नाही, हे उत्तरपत्रिका बघितल्याशिवाय कुणी सांगू नये. मेकॅनिझमचे, म्हणजे रासायनिक क्रिया पायरीपायरीने कशी घडते त्या आकृत्यांचे, वाकडे बाण बघा. बाण निघतो इलेक्ट्रॉनांपासून आणि जातो जिथे ते कमी आहेत तिकडे. मुलीने बाण एच प्लसपासून, ज्याच्याकडे इलेक्ट्रॉनच नाहीत त्या हायड्रोजन आयनापासून, काढला असेल, तर तिने आकृत्या पाठ केल्यात, विषय शिरलेला नाही. बाण बरोबर असतील आणि मार्क वेळ न पुरल्याने गेले असतील, तर परत घेणं म्हणजे पैशाची नासाडी.

जुईची आई
काल रात्री जुईबरोबर तिन्ही पेपर काढून बसले. पहिल्यात बाण ठीक. दुसऱ्यात दोन उलटे. फायनलमध्ये ॲसिडच्या प्रश्नात बाण एच प्लसपासून निघून ऑक्सिजनकडे गेलेला, त्यावर तपासणाऱ्याची लाल वर्तुळं, तीन ठिकाणी. मी विचारलं, हे असं का? ती म्हणाली, "आई, ऑक्टोबरपासून मी फक्त फ्लॅशकार्ड करत होते. मला वाटलं सगळे असंच करतात." ऑफिस अवर्सना, प्राध्यापकांना शंका विचारायच्या वेळेला, एकदाही गेली नव्हती. सतत जीपीएचं बोलून हे दिसायचं राहिलं, त्यात मीही आले.

उन्हाळ्यात परत घेण्याला माझा विरोध कायम आहे. पण पुढे रेटण्याचा हट्टही सोडला. ऑरगॅनिक २ जानेवारीत घ्यायचं नाही, फॉलमध्ये, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात. तोवर पुस्तक पहिल्यापासून, प्रत्येक मेकॅनिझम कोऱ्या कागदावर.

मिशिगनचा बाबा
आठ महिन्यांचा खंड पडला तर आहे तेही विसरेल. वर्गात बसल्याशिवाय होत नाही हे, मी घरात बघितलंय.

केमिस्ट्रीवाली
काकांच्या भीतीत तथ्य आहे. एकटीने नको. त्याच प्राध्यापकांना विचारून ऑरगॅनिक १ च्या लेक्चरला नुसतं बसता येतं का बघा. क्रेडिट नाही, ग्रेड नाही.

जुईची आई
तिने रात्रीच प्राध्यापकांना ईमेल लिहिली, मला न दाखवता पाठवलीसुद्धा. आणि @रात्रपाळी, ती विचारतेय: पहिल्या वर्षी कुठूनच बोलावणं आलं नाही, तेव्हा दुसरा अर्ज करायचं कधी ठरवलंत?