याओ मिंगचे पाय उंचीनं गेले की वेळापत्रकानं?

मैदानमास्तर (पश्चिम नागपूर):
सहा फुटांवरचं पोरगं मैदानावर आलं की पालकांच्या आणि प्रशिक्षकांच्या तोंडी एकच नाव असतं, याओ मिंग. शांघायचा बास्केटबॉलपटू, सात फूट सहा इंच, एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या २००२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, ह्यूस्टन रॉकेट्सनं पहिल्या क्रमांकावर घेतलेला, आठ वेळा ऑल-स्टार, २०१६ मध्ये हॉल ऑफ फेम. हे सगळे सांगतात. तो तिसाव्या वर्षी निवृत्त झाला, हे मात्र कुणी सांगत नाही.

माझ्या मते याओचा घात उंचीनं केला नाही, वेळापत्रकानं केला. पहिल्या तीन हंगामांत तो ८२, ८२ आणि ८० सामने खेळला. एनबीए संपली की घरी बसायचं नाही, थेट चीनच्या संघात. २००३ ला आशियाई स्पर्धा, २००४ ला अथेन्स ऑलिम्पिक, २००५ ला पुन्हा आशियाई, २००६ ला जागतिक स्पर्धा. अमेरिकेत खेळायची परवानगीच मुळी राष्ट्रीय संघासाठी परत येण्याच्या अटीवर मिळाली होती. चौथ्या हंगामापासून काय झालं बघा. पायाच्या अंगठ्याच्या हाडात जंतुसंसर्ग, मग पाऊल मोडलं, पुढच्या हंगामात गुडघ्याखालचं हाड मोडलं, फेब्रुवारी २००८ मध्ये डाव्या पावलाला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे वारंवारच्या ताणानं हाडाला गेलेला तडा. आणि ऑगस्टमध्ये गडी बीजिंग ऑलिम्पिकला हजर.

आपल्याकडे तेच चाललंय. उंच मुलगा शाळेच्या संघात, क्लबच्या संघात, जिल्ह्याच्या संघात, १७ वर्षांखाली तोच आणि १९ वर्षांखालीही तोच. वर सिमेंटचं कोर्ट, आणि मे महिन्याच्या उन्हात शिबिर. माझ्याकडे एक अकरावीतला मुलगा येतो, सव्वासहा फूट. सराव संपला की लेस सोडतो आणि गुडघ्याच्या वाटीखाली आलेला टेंगळासारखा उंचवटा अंगठ्यानं दाबत बसतो. बोलत काही नाही, कारण बोललं तर शनिवारच्या सामन्यात बाकावर बसावं लागेल हे त्याला ठाऊक आहे. आधीच्या क्लबात त्याला एकाच दिवशी दोन वयोगटांत खेळवलं होतं. उंच मुलांच्या सामन्यांवर मर्यादा घालायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे. तुमचं सांगा.

अस्थितज्ज्ञ_रामदासपेठ:
मास्तर, कळकळ पटली, निदान पटलं नाही. साधं गणित मांडतो. सहा फूट तीन इंचाचा माणूस सगळ्या बाजूंनी वीस टक्के वाढवला की सात फूट सहा इंचाचा होतो. त्याच्या हाडाच्या छेदाचं क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढतं, वजन मात्र ७३ टक्क्यांनी. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर वीस टक्के जादा भार, तोही नुसतं उभं राहिल्यावर. याओचं वजन १४० किलोच्या आसपास होतं. उडीनंतर खाली येताना पावलावर वजनाच्या कितीतरी पट जोर येतो. २००९-१० चा अख्खा हंगाम तो खेळला नाही. परतला, आणि पाच सामन्यांत घोटा गेला. वेळापत्रकच कारण असतं, तर वर्षभराच्या विश्रांतीचा काहीतरी गुण आला असता ना?

मैदानमास्तर:
डॉक्टरसाहेब, हाड मोडल्यावर, शस्त्रक्रियेनंतर मिळालेल्या सुट्टीला विश्रांती कसं म्हणणार? ती आधी हवी होती. नुसती उंचीच पाय खात असेल तर एनबीएतल्याच करीम अब्दुल-जब्बारचं काय? सात फूट दोन इंच, २० हंगाम, १५६० सामने. मार्क ईटन सात फूट चार, वजन १३० किलोच्या घरात, तरी ८७५ सामने खेळला. याओचे झाले ४८६. त्या दोघांना दर उन्हाळ्यात देशासाठी धावावं लागत नव्हतं.

खामल्याचा_भाऊ:
मास्तर, तुम्ही पोट्ट्यांची काळजी करून राहिले ते बराबर आहे, पण याओवर अन्याय करून राहिले. त्याले काय कोणी बांधून नेलं होतं बीजिंगले? मे २००८ मध्ये सिचुआनचा भूकंप झाला. उद्घाटनाच्या दिवशी याओच्या हातात झेंडा आणि बाजूले नऊ वर्षांचा लिन हाओ, ज्यानं ढिगाऱ्यातून आपल्या वर्गातल्या पोरांले काढलं होतं. पहिला सामना अमेरिकेसोबत. चीनची पहिली बास्केट याओनं तीन गुणांच्या रेषेबाहेरून टाकली! पाऊल मोडून सहा महिने झाले होते. हे त्याच्यापासून काढून घ्यायचं होतं का तुम्हाले?

दुसरी गोष्ट, आणि माझा खरा राग हिच्यावर आहे. आपल्याकडे उंच पोट्टं दिसलं का त्याले रिंगखाली उभं करतात. हात वर ठेव, रिबाउंड, म्हणजे रिंगवरून परत आलेला चेंडू, घे, बस. ड्रिबल शिकवत नाही, पास शिकवत नाही, शॉट तर नाहीच. याओ तेरा वर्षांचा असताना शांघाय शार्क्सच्या ज्युनिअर संघात गेला, मायबाप दोघंही बास्केटबॉल खेळलेले. म्हणून त्याचे फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट, ८३ टक्के होते. एवढ्या उंच माणसाचे ८३ टक्के! आपले उंच पोट्टे जास्त खेळून वाया जात नाहीत, काहीच न शिकता खेळून वाया जातात. मर्यादा कायची घालता, आधी शिकवा.

अस्थितज्ज्ञ_रामदासपेठ:
मास्तर, करीम आणि ईटन टिकले म्हणून सगळे टिकतील असं होत नाही. एनबीएतल्याच क्लीव्हलँड संघाचा झिद्रुनास इल्गाउस्कस घ्या, सात फूट तीन इंच. पावलांपायी त्याचेही कितीतरी हंगाम गेले. शेवटी शस्त्रक्रियेनं पावलाच्या हाडांची रचना बदलली आणि मग तो २०११ पर्यंत खेळला. सामने मोजण्याआधी पाऊल तपासा, एवढंच म्हणतोय. तुमच्या त्या मुलाचं लक्षण वाढीच्या वयात उड्या मारणाऱ्या मुलांमध्ये नेहमी दिसणाऱ्या ऑस्गुड-श्लॅटर या गुडघ्याच्या दुखण्यासारखं वाटतं, पण न बघता सांगणार नाही. त्याला दाखवा.

उंच_मुलीची_आई:
माझी मुलगी दहावीत आहे, सहा फूट एक इंच. तिच्या मापाचे बूट सीताबर्डीवर मुलींचे मिळत नाहीत, मुलांचे घ्यावे लागतात. लग्नकार्यात, बसमध्ये, लिफ्टमध्ये लोक पहिलं वाक्य तेच बोलतात, "बास्केटबॉल खेळते का?" ती खेळते, आणि तिला आवडतंही. पण मागच्या वर्षी तिनं महिनाभर थांबते म्हटलं तर संघातल्या मोठ्यांनी मलाच समजवायला सुरुवात केली, "ताई, अशी उंची वाया घालवू नका." उंची तिची आहे हो. मला मास्तरांची मर्यादा हवी आहे, कारण "नाही" म्हणायचं ओझं सोळा वर्षांच्या पोरीवर पडू नये.

अस्थितज्ज्ञ_रामदासपेठ:
ताई, एक विचारू का? हाताची बोटं फार लांब, चष्म्याचा नंबर मोठा, छातीचं हाड आत किंवा बाहेर, असं काही असेल तर हृदयाचा इको एकदा करून घ्या. घाबरवत नाही. अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन १९८६ मध्ये जपानमध्ये सामन्यादरम्यान कोसळून गेली, नंतर कळलं की मार्फन सिंड्रोम होता, म्हणजे शरीरातल्या जोडऊती कमकुवत करणारा जन्मजात आजार, जो हृदयाजवळच्या मोठ्या धमनीलाही धोका देतो. २०१४ मध्ये आयझेया ऑस्टिनचा तोच आजार एनबीए ड्राफ्टच्या तोंडावर तपासणीत सापडला, म्हणून त्याला वेळीच थांबवता आलं. आपल्याकडे उंच मुलांची निवड होते तेव्हा फक्त उंची मोजतात, याचं मला फार वाईट वाटतं.

वर्धारोड_वाचक:
कारकीर्द किती वर्षं चालली यावरच सगळे बोलत आहात. मनुट बोल आठवा, सात फूट सात इंच, सुदानच्या डिंका समाजातला. एनबीएत त्यानं गुण केले १५९९ आणि ब्लॉक केले, म्हणजे समोरच्याचे शॉट हातानं अडवले, २०८६. कमाईतला मोठा वाटा सुदानच्या निर्वासितांसाठी दिला. २०१० मध्ये ४७ व्या वर्षी गेला. त्याचे हंगाम मोजून मला त्याची किंमत ठरवता येत नाही, याओचीही नाही.

खामल्याचा_भाऊ:
मनुटचंच उदाहरण मी देतो. ब्लॉक गुणांपेक्षा जास्त, म्हणजे हात वर ठेवण्यापुरतंच वापरलं त्याले. माझं म्हणणं तेच आहे.

मैदानमास्तर:
भाऊ, शिकवण्याबद्दल तुमच्याशी भांडण नाही. पण ज्याचा गुडघा दुखतोय त्याला जंप शॉट शिकवू कसा? आमच्या मैदानापुरतं ठरवलंय. एका दिवशी एकच वयोगट, सलग दोन दिवस सामने नाहीत, आणि गुडघा दुखतो म्हणून सांगणाऱ्याची संघातली जागा जाणार नाही, हे पालकांसमोर लिहून देणार. डॉक्टरसाहेब, त्या मुलाला सोमवारी संध्याकाळी घेऊन येतो.

खामल्याचा_भाऊ:
आणि १९ वर्षांखालची फायनल सलग दुसऱ्या दिवशी आली तर? त्या पोट्ट्याले तुम्ही बसवान, तो मानते का पाहा. मी नसतो मानलो.