ईएल84 च्या प्लेट लाल होतात : पॉवर सप्लाय आणि बायसबद्दल सल्ला हवा

तांब्याची तार :
नमस्कार. दोन ईएल84 (आउटपुट व्हॉल्व्ह) आणि एक ईसीसी83 (आधीच्या टप्प्याचा व्हॉल्व्ह) वापरून सिंगल-एंडेड, म्हणजे प्रत्येक बाजूला एकच आउटपुट व्हॉल्व्ह असलेला, स्टिरिओ अँप्लिफायर बांधला आहे. ट्रान्सफॉर्मर 250-0-250 व्होल्टचा गुंडाळून घेतला आणि जुन्या आकृतीतल्या ईझेड81 या रेक्टिफायर व्हॉल्व्हऐवजी 1एन4007 हे सिलिकॉन डायोड बसवले. मेन्स 236 असताना प्लेटवर 318 व्होल्ट आणि प्रत्येक व्हॉल्व्हच्या 130 ओहमच्या कॅथोड रेझिस्टरवर 9.4 व्होल्ट मिळतात. दिवा मालवून पाहिले की प्लेटच्या मधोमध मंद लाल पट्टा दिसतो. फिक्स्ड बायस (प्रवाह ठरवण्यासाठी ग्रिडला, म्हणजे व्हॉल्व्हच्या नियंत्रक जाळीला, वेगळे ऋण व्होल्टेज) करावा की चोक (सप्लाय गुळगुळीत करणारी कॉइल) घ्यावा?

जुना रेडिओ :
प्रथम अँप्लिफायर बंद ठेवावा. 9.4 भागिले 130 म्हणजे 72 मिलिअँपिअर. त्यातून स्क्रीनचे (व्हॉल्व्हच्या दुसऱ्या जाळीचे) सात-आठ वजा केले तरी प्लेटमध्ये जवळपास 20 वॅट जिरत आहेत आणि ईएल84 ची मर्यादा 12 वॅटची आहे. फिक्स्ड बायसने प्रवाह आटोक्यात येईल, पण प्लेटची 300 व्होल्टची मर्यादा ओलांडलेलीच राहील. शिवाय त्या पद्धतीत ग्रिड रेझिस्टर 300 किलोओहमच्या आत ठेवावा लागतो. म्हणून आधी व्होल्टेज उतरवावे, बायस बऱ्याच अंशी आपोआप सुधारेल. डायोडनंतरच्या पहिल्या कपॅसिटरच्या नंतर 680 ओहमचा, 20 वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर घालून त्यानंतर दुसरा कपॅसिटर लावावा : सुमारे 108 मिलिअँपिअरला 73 व्होल्ट पडतील आणि घुंघुंही कमी होईल. डायोडवर उलटा ताण सातशे व्होल्टच्या वर जातो, तेव्हा प्रत्येक बाजूला दोन-दोन डायोड एकामागे एक घेतलेले बरे.

पितळी चेसिस :
मी चोकच्या बाजूचा आहे, पण इथे नाही. क्लास ए सिंगल-एंडेडमध्ये प्रवाह आवाजाबरोबर फारसा बदलत नसल्याने रेझिस्टरमुळे सप्लाय खचण्याची भीती नसते. पुश-पुल क्लास एबी (जोडीने चालणारे व्हॉल्व्ह, ज्यात प्रवाह आवाजाबरोबर बदलतो) असता तर मी वेगळे बोललो असतो. चोक-इनपुट केल्यास (डायोडनंतर आधी चोक, मग कपॅसिटर) 250 च्या 0.9 पट, म्हणजे 225 व्होल्टच हाती येतील, आणि तो चोक गुणगुणू लागला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरपासून दूर, काटकोनात बसवण्याची कसरत वेगळीच.

तांब्याची तार :
दुसरा कपॅसिटर 350 व्होल्टचा घरात आहे. तो चालेल ना, कारण तिथे 265 च्या आसपासच असतील?

जुना रेडिओ :
चालणार नाही. व्हॉल्व्ह तापेपर्यंत प्रवाहच नसतो, त्यामुळे रेझिस्टरवर काहीच पडत नाही आणि सिलिकॉन डायोड पहिल्याच क्षणी पूर्ण शिखर-व्होल्टेज सगळ्या कपॅसिटरांवर ढकलतात. मेन्स 245 ला गेली की हा आकडा बिनभाराने 400 च्या आसपास पोहोचू शकतो. दोन्ही किमान 450 चे घ्यावेत आणि पहिल्यावर 220 किलोओहम, 2 वॅटचा ब्लीडर (साठलेला भार रिकामा करणारा रेझिस्टर) कायमचा जोडावा. तो 100 मायक्रोफॅरड रिकामा करायला दीड-दोन मिनिटे घेतो. तरीही मीटरने पाहिल्याशिवाय आत हात घालू नये.

तांब्याची तार :
680 ओहम बसवला. सप्लाय 261, डाव्या कॅथोडवर 7.1, उजव्यावर 8.3 व्होल्ट. लाली गेली, पण हा फरक का?

जुना रेडिओ :
उजव्या ग्रिडवर चेसिसच्या सापेक्ष किती व्होल्ट आहेत?

तांब्याची तार :
अधिक 1.4. तिथे जुन्या रेडिओतून काढलेला कागदी कपलिंग कपॅसिटर (आधीच्या व्हॉल्व्हचा सिग्नल ग्रिडला देणारा) आहे.

पितळी चेसिस :
तोच गळतो आहे, त्यामुळे ग्रिड धन होऊन उजव्या व्हॉल्व्हचा प्रवाह वाढला. 0.1 मायक्रोफॅरडचा 630 व्होल्टचा नवा पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर लावावा.