अमोरिमला अजून किती दिवस द्यायचे? डर्बीनंतर झोप उडालीये (सप्टेंबर २०२५)

दादरचा_रेड

मंडळी, काल रात्रीची मँचेस्टर डर्बी बघितली का कुणी? आपली युनायटेड सिटीकडून ३-० ने हरली. फोडनचं हेडर, मग हालांडचे दोन, आणि मी रविवारी रात्री नऊला जेवण लवकर उरकून टीव्हीसमोर बसलेलो, घरचे सगळे त्यांची सिरीयल सोडून माझ्यासोबत बसले होते हा त्यांचा मोठेपणा. बाबांना फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण पहिल्या हाफमध्ये त्यांनी विचारलं, "तुमचे लाल ना? मग हे सारखे उलटेच का पळतायत?" उत्तर नव्हतं माझ्याकडे.

तर विषय असा. अमोरिम मॅनेजर म्हणून नोव्हेंबर २०२४ ला आला, म्हणजे दहा महिने झाले. लीगमध्ये ३१ मॅच, ३१ पॉइंट. गेल्या सीझनला १५ वा नंबर, युरोपा लीगची फायनल स्पर्सकडून हरलो, ते स्पर्स लीगमध्ये १७ वे होते हे विसरू नका. उन्हाळ्यात कुन्या, म्ब्यूमो, सेस्को असे तीन फॉरवर्ड घेतले, तिघांचे मिळून २०० मिलियन पाउंडच्या आसपास. आणि नवीन सीझनच्या चार मॅचमध्ये चार पॉइंट. वर ग्रिम्स्बी. गणपती बसले त्याच रात्री, घरात मूर्तीसमोर समई तेवतेय आणि मी मोबाईलचा आवाज बंद करून चौथ्या डिव्हिजनच्या टीमकडून पेनल्टीवर १२-११ ने हरताना बघतोय.

पण मी फर्गीच्या (आपला जुना मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसन) गोष्टी ऐकत मोठा झालेला माणूस आहे. आपला क्लब म्हणजे वेळ देणारा क्लब असं छातीठोकपणे सांगायचो कॉलेजात. आता कालपासून व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे 'काढा त्याला' म्हणतायत आणि पहिल्यांदाच मला त्यांच्याशी भांडावंसं वाटत नाहीये. धीर धरायचा म्हणजे नक्की किती आणि कशाच्या जोरावर? चेष्टा नको, खरंच विचारतोय.

पार्लेकर७

चेष्टा नको म्हणतोस आणि ग्रिम्स्बी लिहितोस 😂

पितृपक्ष चालू आहे भावा, नवीन काही करू नये, मॅनेजर तर अजिबात आणू नये. घटस्थापना होऊ दे, मग बघू.

गनर_गोरेगाव

मी बोलतो, कारण मी या सगळ्यातून गेलोय. ऑगस्ट २०२१, आमचं आर्सेनल. ब्रेंटफर्ड ०-२, चेल्सी ०-२, सिटी ०-५. तीन मॅच, शून्य गोल, शून्य पॉइंट, टेबलच्या तळाला. त्याआधीचे दोन्ही सीझन आठवा नंबर. मी स्वतः आमच्या मॅनेजरला, आर्टेटाला, शिव्या घालणाऱ्या इतक्या पोस्ट टाकल्या होत्या की नंतर एक दिवस बसून डिलीट केल्या, लाजेने.

पण आता मागे वळून बघितलं तर कळतं की मी फक्त टेबल बघत होतो. तेव्हासुद्धा काहीतरी शिस्तीत चाललं होतं. जे ऐकत नव्हते ते एकेक करून गेले, पुढे कॅप्टनचा आर्मबँडसुद्धा काढून घेतला, घेतलेली पोरं सगळी तरुण होती आणि प्रत्येकजण कशासाठी घेतलाय ते समजत होतं. तू तुझ्या टीममध्ये असलं काही दिसतंय का ते बघ. मॅच हरल्यावर नाही, हरताना बघ. साठाव्या मिनिटाला दोन गोल खाल्लेले असताना पोरं ठरलेलंच खेळतायत की जो तो स्वतःचं बघतोय?

लिव्हरपूलच्या क्लॉपचं पण तसंच. ऑक्टोबर २०१५ ला आला, पहिल्या सीझनला आठवा, दोन फायनल हरला. पण तेव्हाची लिव्हरपूल बघून कुणी म्हणालं नसतं की यांना काय करायचंय ते माहीत नाही.

पार्लेकर७

आणि एवढा धीर धरून तुम्हाला काय मिळालं, सलग तीन वेळा दुसरा नंबर. अभिनंदन 💐

गनर_गोरेगाव

१५ व्या नंबरवाल्यांच्या धाग्यावर आम्ही दुसऱ्या नंबरचं दुःख करत नाही 🙏

कुर्ला_टू_कॅम्पनोऊ

सगळे धीर धीर करताय पण एक सांगा, आपण दादर, कुर्ला, गोरेगावात बसून धीर धरला काय नि नाही धरला काय, त्या मालकांना काय फरक पडतो? मला तर वाटतं हा 'वेळ द्या' प्रकार क्लबवाल्यांना सोयीचा आहे. चुकीचा माणूस आणला ही त्यांची चूक, आणि सहन करायचं फॅन्सनी. अमोरिमच्या आधीच्या टेन हागने मे २०२४ मध्ये एफए कप जिंकला, जुलैत त्याचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं आणि ऑक्टोबरात हाकलला. आता यात फॅन्सचा उतावळेपणा कुठे आला? हे मालकांनाच कळत नाहीये त्यांना काय पाहिजे ते. खरं घोडं तिथे पेंड खातंय.

आणि ते फर्ग्युसनचं उदाहरण आता बास करा राव, शिळ्या कढीला किती ऊत आणायचा. एकाला लॉटरी लागली म्हणून सगळ्यांनी पगार तिकिटांत घालायचा का? वेळ देऊन ज्यांचं काहीच झालं नाही अशा मॅनेजरांची नावं पण कुणाला आठवत नाहीत, म्हणून ती उदाहरणं कुणी देत नाही.

कूपरेज_काका

वरच्या भावाचा शेवटचा मुद्दा बरोबर आहे, पण फर्ग्युसनची गोष्ट लोक अर्धीच सांगतात म्हणून ती लॉटरी वाटते. १९८६ च्या नोव्हेंबरात आला तेव्हा टीम तळाशी होती. ११ वा, मग दुसरा, मग परत ११ वा, मग १३ वा. सप्टेंबर १९८९ मध्ये याच सिटीने त्याला ५-१ ने धुतलं होतं, म्हणजे कालच्या तुझ्या रात्रीपेक्षा वाईट. त्या डिसेंबरात त्याच्याच स्टेडियममध्ये त्याला टाटा करणारं फडकं झळकलं. मे १९९० ला एफए कप आला म्हणून सगळे ते आठवतात. पण या चार वर्षांत तो काय करत होता? दारू पिऊन प्रॅक्टिसला येणाऱ्यांना सरळ करत होता आणि गावोगावी माणसं पाठवून शाळेतली पोरं हेरत होता. गिग्ज वगैरे त्यातूनच आले. लीग मिळायला १९९३ उजाडलं. आता तू सांग दादरकर, तुझ्या क्लबात आज कुणाला पाच वर्षांनंतरचं काही पडलंय का? तसं असेल तर थांब.

दुसरं, लांब कशाला जाता. आपला कोच खालिद जमील. कूपरेजवर मुंबई एफसीच्या मॅचला आम्ही ठरलेले दहा-बारा जण असायचो, हातात भुईमुगाच्या शेंगा, आणि खालिदच्या नावाने बोंबलायचो. मी पण. कारण खेळ असा की बॉल आला की उडव, गोल खाऊ नको, मिळाला एक पॉइंट तर घे. किती वर्षं? सात. २००९ ते २०१६. दर सीझनला वाटायचं यंदा खाली जाणार, आणि दर सीझनला हा माणूस टीम वर ठेवायचा. त्या बजेटमध्ये ते काय होतं हे आम्हाला तेव्हा कळलंच नाही. २०१६ ला रस्ते वेगळे झाले. पुढच्या सीझनला मुंबई एफसी शेवटची आली, खाली गेली, क्लबच संपला. आणि त्याच सीझनला खालिदने मिझोरामच्या आयझॉलला आय-लीग जिंकून दिली, जी टीम आदल्या वर्षी रेलिगेट झालेली आणि जेमतेम परत घेतलेली. हाच माणूस ऑगस्ट २०२५ मध्ये इंडियाचा कोच झाला, गेल्या आठवड्यात ताजिकिस्तानात ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा नंबर आणलाय.

म्हणजे सात वर्षं धीर धरूनसुद्धा आमच्या डोळ्यांना तो माणूस दिसला नाही. नुसतं थांबण्यात काही नाही रे. आम्ही थांबलोच होतो की, शेंगा खात.

अंधेरी_ब्लू

काका 👏👏 शेंगा खात थांबलो, एक नंबर.

आमच्या मुंबई सिटीचं पण सांगतो. २०२०-२१ मध्ये कोच लोबेराने आयएसएलची शील्ड (लीगमध्ये पहिला नंबर) आणि कप (प्लेऑफ जिंकून) दोन्ही आणले, मग तो गेला आणि बकिंगहॅम आला. पहिल्याच सीझनला पाचवे, प्लेऑफ पण नाही. डिफेंडिंग चॅम्पियन आणि पाचवे! अंधेरीच्या स्टँडमधला माझा नेहमीचा ग्रुप तर त्याला बॅगा भरायला सांगत होता. पण त्याच एप्रिलमध्ये एशियन चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या टीमला २-१ ने हरवलं, तिथे मॅच जिंकणारा पहिला इंडियन क्लब. तेव्हा मला कळलं की टीमला खेळता येतंय. पुढच्या सीझनला पहिल्या १८ मॅच हरलोच नाही, ४६ पॉइंट, शील्ड. (या सप्टेंबर २०२५ ला आमची लीगच अडकून पडलीये म्हणून तुमच्या इंग्लंडच्या भांडणात येऊन बसलोय, नाहीतर माझं काय काम इथे.)

कोच_ताई_मुलुंड

मी फॅन म्हणून नाही, दुसऱ्या बाजूने लिहिते. डी लायसन्सवाली छोटी कोच आहे, एका शाळेची तेरा वर्षांखालची मुलं बघते. मोठ्यांशी बरोबरी करत नाहीये, पण जे झालं ते सांगते.

गेल्या वर्षी टीम हातात आली तेव्हा गोलकीपर गोलकिक लांब मारायचा आणि सगळी पोरं मेंढरांसारखी बॉलमागे धावायची. मी ठरवलं मागून पास करत यायचं. पहिली मॅच, टर्फवर, रविवारी सकाळी सात. वीस मिनिटांत तीन गोल खाल्ले, तिन्ही आमच्याच बॉक्ससमोर बॉल घालवून. जाळीबाहेर पालक. "मार ना पुढे! अरे मार पुढे!" एक बाबा मला येऊन म्हणाले, मॅडम आधी जोरात मारायला शिकवा, बाकीचं नंतर. आणि खरं सांगते, त्या पोरांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं, प्रत्येक पासआधी ते जाळीकडे बघत होते. पाय थरथरतात मग. बॉल पुढे उडवला की निदान आपल्यावर कुणी ओरडत नाही हे तेराव्या वर्षी पण कळतं. युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावरच्यांना कळत नसेल का?

चौथ्या-पाचव्या मॅचलाही हरतच होतो. पण एक गोष्ट बदलली होती. आधी एकाकडून बॉल सुटला की बाकीचे तिथेच उभे राहून त्याच्यावर खेकसायचे, आता दोघं जण आपोआप जवळ यायला लागले होते. स्कोअरमध्ये हे दिसत नाही, पालकांना दिसलं नाही, मला दिसलं म्हणून मी तग धरला.

आता दुसरी बाजू. माझी चूक पण होती. आमच्या गोलकीपरला पायाने पास जमतच नव्हता. गुणी पोरगा, हाताने मस्त, पण पायात बॉल आला की गडबड. मी पाच मॅच त्यालाच घोकवत राहिले कारण 'आपली पद्धत'. शेवटी अक्कल आली, गोलकिक सेंटरबॅकला (मागच्या फळीतल्या मधल्या पोराला) घ्यायला लावली. पद्धत तीच, एक माणूस बदलला, आणि गोल खाणं निम्म्यावर आलं. हे पहिल्याच आठवड्यात करता आलं असतं, पण मला वाटत होतं की बदललं तर मी हरले असं होईल.

म्हणून दादरकर, मला अमोरिमच्या ३-४-३ चा (मागे तीन, मध्ये चार, पुढे तीन) राग नाही. पोर्तुगालच्या स्पोर्टिंगला त्याने त्याच खेळावर १९ वर्षांनी लीग जिंकून दिली होती, २०२१ मध्ये, म्हणजे पद्धत खोटी नाही. पण तुमच्या मिडफिल्डच्या मधोमध दोघंच असतात, त्यातला एक ब्रुनो, आणि समोर तीन. तो तिसरा दर मॅचला मोकळा सापडतो, मग सेंटरबॅक त्याला अडवायला पुढे येतो आणि त्याच्या मागे मैदान उघडं पडतं. तुझ्या बाबांनी बरोबर पकडलंय, सगळे उलटे पळतायत ते याच्यामुळे. हे दहा महिने दिसतंय आणि त्यावर उपाय होत नाहीये. ग्रिम्स्बीच्या रात्री तो पावसात डगआउटमध्ये बसून बोर्डावरचे मॅग्नेट इकडचे तिकडे करत होता ना, ते बघून सगळे हसले. मला नाही हसू आलं, मी ते केलंय. पण मॅग्नेट हलवून झाल्यावर शेवटी माणूस हलवावा लागतो.

कुर्ला_टू_कॅम्पनोऊ

ताई, तुमच्यासाठी धीर धरायला तयार आहे, युनायटेडसाठी नाही. आणि ते बाबा नंतर काय म्हणाले?

कोच_ताई_मुलुंड

काही नाही, अजून तसेच ओरडतात 😄 मुलगा आता त्यांच्याकडे बघत नाही एवढंच.

दादरचा_रेड

सगळ्यांना थँक्यू, खरंच. बाबांना ताईंचं वाचून दाखवलं, ते आता घरभर एक्स्पर्ट म्हणून फिरतायत, आईला चहाच्या कपबश्या मांडून तीन विरुद्ध दोन समजावलं आत्ता.

माझं असं ठरलंय की काढा-काढा करणार नाही, पण गप्प पण बसणार नाही. शनिवारी चेल्सी आहे रात्री दहाला. स्कोअर काही होवो, मी फक्त तो मधला मोकळा माणूस बघणार. पुन्हा तसाच मोकळा सोडला तर काका, मी पण शेंगा घेऊन येतो तुमच्याकडे.

कूपरेज_काका

ये की. पण उशिरापर्यंत नको, रविवारी सर्वपित्री आहे, सकाळी लवकर उठून पान ठेवायचंय.

पार्लेकर७

काका, एक पान जास्तीचं वाढा. फर्ग्युसननंतरच्या मोयेसपासून टेन हागपर्यंत सगळ्या मॅनेजरांच्या नोकऱ्या युनायटेडमध्येच गेल्यात, कावळा लगेच शिवेल.