‘पॉरिज’मधला ग्राउटी खरंच तीनच भागांत आहे? (पीटर वॉनबद्दल)

रिकामटेकडा:
‘गेम ऑफ थ्रोन्स’ दुसऱ्यांदा बघत होतो. त्यातला आंधळा म्हातारा एमॉन कोण, म्हणून नाव शोधलं तर पीटर वॉन निघाला. पुढे कळलं की बीबीसीच्या ‘पॉरिज’ या तुरुंगातल्या विनोदी मालिकेत यानेच कैद्यांचा दादा हॅरी ग्राउट केलाय. मालिका आणली आणि बसलो बघत. पहिले सहा भाग संपले तरी गडी दिसेना! शेवटी मोजलं. वीस भाग, त्यात हा तीन ठिकाणी. तरी जिथे तिथे ‘ग्राउटी, ग्राउटी’ म्हणून लोक याचीच आठवण काढतात. माझ्या बघण्यात काही निसटलंय का? आणि या माणसाचं आणखी काय बघावं?

पुन्हा_एक_चहा:
निसटलेलं काही नाही, तीनच आहेत. १९७५चा मुष्टियुद्धाचा भाग, त्याच वर्षीचा नाताळचा खास भाग आणि १९७७मधला औषधाच्या गोळ्या हरवतात तो. शिवाय १९७९चा चित्रपट आहे. त्यात फुटबॉलच्या सामन्याआडून एकाला पळवायचा बेत ग्राउटीचाच असतो.

मी इंग्लंडात दोन वर्षं नोकरीला होते, तेव्हा घरमालकीणबाईंबरोबर रात्री याचे जुने भाग बघायचे. ग्राउटी प्रत्येक भागात असतो असं त्या शपथेवर सांगायच्या. मलाही तसंच वाटायचं. असं का वाटतं त्याचं उत्तर मला उशिरा सापडलं, आणि ते वॉनच्या तोंडाकडे बघून नाही, रॉनी बार्करच्या तोंडाकडे बघून सापडलं. त्याचा फ्लेचर, म्हणजे मालिकेचा नायक असलेला कैदी, कोणाला म्हणून भीक घालत नाही. मकायसारख्या कडक जेलरलाही तो शब्दांत गुंडाळतो. तोच फ्लेचर ग्राउटीच्या कोठडीत पाऊल टाकतो आणि त्याचा आवाज अर्ध्या पट्टीने खाली येतो. टोमणे मारतो, पण आधी अंदाज घेऊन. आता समोर वॉन काय करतोय ते बघा. जवळपास काहीच नाही! बसलाय, मऊ आवाजात विचारपूस करतोय, पाहुणा आल्यासारखा आनंद दाखवतोय. डोळा वटारत नाही, आवाज चढवत नाही. ‘तुझ्या कोठडीतल्या गोडबरला मुष्टियुद्धात हरायला सांग’ हे सांगायची पद्धत अशी, की भाजी आणायला पाठवतोय. भीती सगळी फ्लेचरच्या अंगावर दिसते. मग पुढच्या भागात ग्राउटी नसला तरी चालतं, ती भीती फ्लेचरबरोबर कोठडीत परत गेलेली असते.

लेखक डिक क्लेमेंट आणि इयन ला फ्रेने यांचं शहाणपण म्हणजे त्यांनी हे पात्र रोज काढलं नाही. रोज दिसला असता तर चौथ्या भागात त्याची टर उडवावी लागली असती.

तळटीप:
पळसाला पानंही तीनच असतात हो, म्हणून झाड काय ओळखू येत नाही?

बाकी एक भर. याचं जन्मनाव पीटर ओह्म. विजेचा रोध मोजतात तोच ओह्म! इतकं चपखल नाव कुणी का बदलावं कळत नाही. जन्म १९२३चा, श्रॉपशरमधल्या वेम गावचा. शाळा संपली तसा वुल्व्हरहॅम्प्टनच्या रेपर्टरी नाटक कंपनीत गेला, मग युद्धात सैन्यात. रेपर्टरी म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: संध्याकाळी या आठवड्याचं नाटक, दिवसा पुढच्या आठवड्याच्या नाटकाची तालीम. आज हवालदार, सोमवारपासून पाद्री. त्या पिढीचे चरित्र नट दोन मिनिटांत माणूस उभा करायचे, त्याचं मूळ मला तरी याच हमालीत दिसतं.

‘सिटिझन स्मिथ’ ही विनोदी मालिकाही बघा. नायक वुल्फीच्या मैत्रिणीचा चिडका बाप चार्ली यानेच केलाय.

पुन्हा_एक_चहा:
तळटीप, ‘सिटिझन स्मिथ’बद्दल जपून सांगा. वॉन पहिल्या दोनच पर्वांत आहे, पुढे चार्ली टोनी स्टीडमनने केला. रिकामटेकडा मधूनच सुरू करतील आणि पुन्हा इथे ‘गडी दिसेना’ म्हणून येतील.

चार्ली आणि ग्राउटी पाठोपाठ बघण्यात गंमत आहे. तोच रुंद चेहरा, तेच बारीक डोळे. पण इथे त्याची दहशत कुणालाच नाही. बायको बिचारी वुल्फीला प्रेमाने ‘फॉक्सी’ म्हणते, पोरगी ऐकत नाही, म्हणून हा ओरडतो. ज्याचं चालतं तो हळू बोलतो, ज्याचं चालत नाही तो बोंबलतो.

रिकामटेकडा:
बरं झालं सांगितलंत, पहिल्यापासून लावतो. :) पण याचं विनोदाबाहेरचं काम? सगळं गुंडगिरीचंच आहे का?

पुन्हा_एक_चहा:
गुंड पुष्कळ केले. १९८०च्या ‘फॉक्स’मध्ये दक्षिण लंडनमधल्या मोठ्या घराचा कर्ता बाप आहे, तिथे धाक आणि माया दोन्ही. पण माझं आवडतं १९७२चं. बीबीसी नाताळात एक भुताची गोष्ट दाखवायची, त्यात ‘अ वॉर्निंग टू द क्युरिअस’. नोकरी गेलेला कारकून पॅक्स्टन, पुरलेला जुना मुकुट शोधायला नॉरफकच्या किनाऱ्यावर येतो. एवढ्या आडव्या बांध्याचा माणूस मोकळ्या वाळूत घाबरून पळताना दिसतो, तेव्हा आपल्यालाच लपायला जागा नाही असं वाटतं. (सोबतचा डॉक्टर ओळखीचा वाटेल. तो क्लाइव्ह स्विफ्ट, पुढे ‘कीपिंग अप अपिअरन्सेस’मध्ये हायसिंथचा सोशिक नवरा झाला तोच.)

दुसरं, १९९६चं ‘अवर फ्रेंड्स इन द नॉर्थ’. नऊ भाग, १९६४ ते १९९५ असा काळ. वॉन त्यात फेलिक्स, निकीचा बाप. १९३६मध्ये बेकार कामगार जॅरोहून लंडनपर्यंत चालत गेले, त्या मोर्चात फेलिक्सही होता. क्रिस्टोफर एक्लस्टनचा निकी राजकारणात उडी घेतो आणि बापाला त्याचं कौतुक नाही; मोर्चा काढून काय मिळालं ते त्याने पाहिलेलं. शेवटी निकीला त्या मोर्चाबद्दल बापाशी बोलायचं असतं, तेव्हा फेलिक्सला स्मृतिभ्रंश झालेला असतो. वॉन इथेही काही ‘करत’ नाही. फक्त डोळ्यांमागचा माणूस उठून गेलेला आहे. ग्राउटीच्या कोठडीत जी स्थिर नजर बघून फ्लेचर चळाचळा कापायचा तीच नजर आहे हो, पण आत कुणी नाही. मी तो भाग एकदाच पाहिला, दुसऱ्यांदा लावायची हिंमत झाली नाही.

तळटीप:
‘रिमेन्स ऑफ द डे’मधला अँथनी हॉपकिन्सचा बाप विसरलात. हातात ट्रे घेऊन पडतो, आणि नंतर एकटाच त्या पायऱ्यांवर येरझारा घालत जमीन न्याहाळतो. जणू दोष फरशीचा होता.

पुन्हा_एक_चहा:
विसरले नव्हते, टाळलं होतं.

एमॉन केला तेव्हा वॉन नव्वदीकडे झुकला होता आणि त्याची स्वतःची नजरही अधू झाली होती. २०१५मध्ये पडद्यावर एमॉन गेला, २०१६च्या डिसेंबरात वॉन, त्र्याण्णव्या वर्षी. घरमालकीणबाईंना मी फोनवर सांगितलं, तर म्हणाल्या, अगं ग्राउटी ना, दर आठवड्याला यायचा.

तीनच भाग होते हे मी त्यांना सांगितलं नाही.