इंग्रजीतला एक शब्द, जर्मनमधले चार: तुमचे अनुभव लिहा

इंग्रजीवरून जर्मनमध्ये भाषांतर करणाऱ्या, जर्मन शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या सगळ्यांसाठी हा धागा. शब्दकोशात एका इंग्रजी शब्दापुढे पाच-सहा जर्मन शब्द स्वल्पविराम देऊन मांडलेले असतात. त्यातला कुठला कधी घ्यायचा, हे मात्र काम करतानाच कळतं. ते कसं ठरवता, तेवढंच लिहा. नुसत्या याद्या नकोत.

सुरुवात मी करते. मी जर्मन शिकवते. 'टू नो' या क्रियापदाला जर्मनमध्ये तीन क्रियापदं आहेत: 'विसेन', 'केनेन' आणि 'क्योनेन'. इंग्रजीतून विचार करणारा विद्यार्थी इथे हमखास अडतो. मी त्याला वाक्य आधी मराठीत म्हणायला सांगते. 'मला उत्तर माहीत आहे' म्हटलं की 'विसेन'. 'मी तिला ओळखतो' म्हटलं की 'केनेन'. 'मला जर्मन येतं' म्हटलं की 'क्योनेन'. माहीत असणं, ओळखणं आणि येणं हे तीन कप्पे आपल्याकडे आधीपासूनच वेगळे आहेत. इंग्रजीने एकत्र केलेलं मराठी पुष्कळदा आधीच सोडवून ठेवते. आपण जर्मन शिकायला इंग्रजी पुस्तकं वापरतो म्हणून हा फायदा हातचा जातो, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रतिसाद: मीही शिकवते

अगदी पटलं. 'स्पेंड'चं बघा. पैसे खर्च करणं म्हणजे 'आउसगेबन', वेळ घालवणं म्हणजे 'फरब्रिंगन'. आपण 'वेळ खर्च केला' क्वचितच म्हणतो, त्यामुळे मराठी माणसाला हा फरक सांगावाच लागू नये. 'टाइम'ही तसंच. वेळ आहे का, तर 'त्साइट'. किती वाजले, तर 'ऊअर'. तिसऱ्या वेळी, तिसऱ्या खेपेला, तर 'माल'. इंग्रजी 'बट'ला 'आबर' आणि 'झोंडर्न' असे दोन शब्द आहेत. 'तो हुशार आहे पण आळशी आहे' इथे 'आबर', आणि 'तो डॉक्टर नाही, तर वकील आहे' इथे 'झोंडर्न'. आपला 'तर' नेमका तिथेच बसतो.

सगळ्यात आवडता शब्द 'उमझोन्स्ट'. 'फ्री', म्हणजे पैसे न पडता, हा त्याचा एक अर्थ आणि 'व्यर्थ' हा दुसरा. आपल्या 'फुकट'ला हेच दोन अर्थ आहेत: फुकट मिळालं, मेहनत फुकट गेली. हे सांगितलं की वर्गातले चेहरे उजळतात. मात्र जाहिरातीत किंवा सूचनेत 'कोस्टनलोस' लिहावं, तिथे दुसऱ्या अर्थाला वावच राहत नाही.

प्रतिसाद: यंत्रांच्या माहितीपुस्तिका भाषांतरित करतो

आमच्याकडे मराठीचा आधार कमी पडतो, कारण कारखान्यातली मराठी इंग्रजी शब्दांवरच चालते. नट, बोल्ट, बेअरिंग, स्प्रिंग. इथे सुटे भाग डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

'नट' म्हणजे खायचा असेल तर 'नुस'. बोल्टवर फिरवायचा असेल तर 'मुटर'. 'मुटर' म्हणजे आईसुद्धा, पण अनेकवचनात दोघी वेगळ्या होतात: आया 'म्युटर' आणि नट 'मुटर्न'. आता खरी मेख. जर्मनमध्ये 'नूट' नावाचा वेगळा शब्द आहे, स्पेलिंग इंग्रजी 'नट'सारखंच, आणि त्याचा अर्थ खाच. शाफ्टवर पुली घट्ट बसावी म्हणून दोघांत खाच पाडून त्यात जी आयताकृती पट्टी बसवतात, तिला इंग्रजीत 'की' म्हणतात आणि जर्मनमध्ये 'पासफेडर'. ती बसते 'नूट'मध्ये. म्हणजे इंग्रजी आराखड्यात 'नट' आणि 'की' शेजारीशेजारी असतील, तर जर्मनमध्ये 'मुटर' आणि 'पासफेडर' हवेत. 'की'साठी 'श्ल्युसल' लिहिलं, तर जोडणी करणारा कामगार किल्ली शोधत बसेल. कळफलकावरची 'की' म्हणजे 'टास्टे', संगीतातली 'की' म्हणजे 'टोनआर्ट', ती आणखी वेगळी. 'फेडर'ही एकटा नाही. एरवी तो पक्ष्याचं पीस असतो आणि यंत्रात स्प्रिंग.

या सगळ्यांहून जपून हाताळावा असा शब्द म्हणजे 'कंट्रोल'. जर्मन अभियंते दोन गोष्टी कटाक्षाने वेगळ्या ठेवतात. ठरलेल्या वेळी पंखा चालू करायचा आणि पुढे काय झालं ते बघायचं नाही, ही 'श्टॉयरुंग'. भट्टीचं तापमान सतत मोजायचं आणि फरक पडला की आच कमी-जास्त करायची, ही 'रेगलुंग'. इंग्रजी मजकुरात दोन्हीकडे 'कंट्रोल' एवढंच असतं. मी सरळ आकृती उघडतो आणि मोजमाप परत फिरून येणारा बाण आहे का ते पाहतो. बाण असेल तर 'रेगलुंग'. 'कोंट्रोले' हा शब्द मी तपासणीसाठी राखून ठेवतो.

प्रतिसाद: सॉफ्टवेअरचं स्थानिकीकरण

तुम्हाला आकृती तरी मिळते! आम्हाला एका ओळीत एक शब्द मिळतो. 'ओपन'. हे बटण असेल तर 'योफ्नन', तक्रारीची स्थिती असेल तर 'ओफन'. 'ऑर्डर' म्हणजे मागणी की क्रम, हे पडद्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. 'न्यू' तर फारच त्रास देतं, कारण जर्मन विशेषणाचं रूप नामाच्या लिंगावर ठरतं. नवं फोल्डर असेल तर 'नॉयर', नवी फाइल असेल तर 'नॉय' आणि पुढे हलका 'अ'. 'होम' हे संकेतस्थळाचं पहिलं पान असेल तर 'श्टार्टझायटे'. पण 'होम दाबा' अशी सूचना असेल, तर जर्मन कळफलकावर त्या कळीवर 'पोस१' छापलेलं असतं.

आज्ञावली लिहिणाऱ्यांना कळकळीची विनंती: शब्दासोबत एक ओळीची टीप द्या. बटण की शीर्षक, नाम की क्रियापद. सॉफ्टवेअरच्या भाषांतरासाठी वापरतात त्या गेटटेक्स्ट प्रणालीत संदर्भ लिहायला वेगळी जागा आहे, ती रिकामी सोडू नका.

प्रतिसाद: गणिताची विद्यार्थिनी

बीजगणितातलं 'फील्ड' जर्मनमध्ये 'क्योर्पर' आहे, म्हणजे शरीर. जर्मन गणितज्ञ रिशार्ड डेडेकिंड यांनी 1871 साली हा शब्द या अर्थाने वापरला, इंग्रजी 'फील्ड' नंतर आला. इंग्रजी पुस्तकांतही कितीतरी ठिकाणी फील्डला 'के' हे अक्षर दिलेलं असतं, ते या 'क्योर्पर'चं. पण भौतिकशास्त्रातलं विद्युत 'फील्ड' मात्र 'फेल्ट'च. 'पॉवर' म्हणजे घातांकाचा घात असेल तर 'पोटेन्त्स', वॉटमध्ये मोजायची शक्ती असेल तर 'लाइस्टुंग'. 'सेट' म्हणजे संच असेल तर 'मेंगे', टेनिसमधला असेल तर 'झात्स'. आणि 'झात्स' म्हणजे प्रमेयसुद्धा, वाक्यसुद्धा.

प्रतिसाद: औषधांची माहितीपत्रकं

'डिस्चार्ज' या एका शब्दासाठी मी दर वेळी मागचा-पुढचा परिच्छेद वाचते. रुग्णाला घरी सोडणं 'एन्टलासुंग', जखमेतून किंवा शरीरातून होणारा स्राव 'आउसफ्लुस', उपकरणाच्या बॅटरीचं 'एन्टलाडुंग'. तिन्ही एकाच कागदावर येऊ शकतात. 'ड्रग'ला 'आर्त्स्नायमिटल'; 'ड्रोगे' म्हटलं की सामान्य वाचकाला अमली पदार्थ आठवतो. औषधनिर्माणशास्त्रात मात्र 'ड्रोगे' म्हणजे वाळवलेली औषधी वनस्पती. मलम 'अप्लाय' करणं 'आउफट्रागन', नोकरीसाठी 'अप्लाय' करणं 'झिश बेवेर्बन'.

प्रतिसाद: करारपत्रं

थोडक्यात एकच. 'एक्झिक्यूशन'. करारात बहुतेक वेळा सही करणं, म्हणजे 'उंटरत्साइश्नुंग'. न्यायालयाच्या आदेशाची अंमलबजावणी असेल तर 'फोलश्ट्रेकुंग'. देहदंड असेल तर 'हिनरिश्टुंग'. यांत्रिक भाषांतर हाती आलं की मी आधी हा शब्द शोधतो.

प्रतिसाद: चित्रपटांची उपशीर्षकं

सगळ्यात छोटा शब्द राहिला की! 'यू'. जर्मनमध्ये जवळच्या एकाला 'डू', जवळच्या अनेकांना 'ईअर' आणि आदरार्थी 'झी'. तू आणि तुम्ही म्हणत वाढलेल्या माणसाला हे रक्तातच असतं, पण हुबेहूब जुळत नाही. आई आणि देव दोन्ही भाषांत 'तू'च. वडिलांना, आजोबांना अनेक घरांत आपण 'तुम्ही' म्हणतो, जर्मन मूल मात्र 'डू' म्हणतं. म्हणून मराठी कानावर सगळं सोपवता येत नाही.

खरी परीक्षा होते ती दोन अनोळखी माणसं चित्रपटभर हळूहळू जवळ येतात तेव्हा. इंग्रजी संवादात शेवटपर्यंत 'यू'च असतं. ती 'झी'वरून 'डू'वर कुठल्या प्रसंगात आली, हे मूळ लेखकाने कुठेच लिहिलेलं नसतं, ते मला ठरवावं लागतं. मी आधी पूर्ण चित्रपट पाहते, तो प्रसंग निवडते आणि त्याची वेळ टिपून ठेवते. त्या क्षणाआधीच्या सगळ्या ओळी 'झी', नंतरच्या सगळ्या 'डू'. नंतर कुणी रागाने मुद्दाम परत 'झी' म्हणालं, तर प्रेक्षकाला ते लागतं. एका भांडणाच्या प्रसंगात मी तसं केलंय, आणि तपासणाऱ्या जर्मन सहकारी बाईंनी ती ओळ जशीच्या तशी ठेवली.