‘नॉर्म’ म्हणजे नक्की काय? बापूंना काय सांगू?

पूर्णाकाठची

मी नांदेडला एम.एस्सी. गणित करते. गाव पूर्णा तालुक्यात, घरी चार एकर कोरडवाहू. गेल्या आठवड्यात सरांनी फळ्यावर ‘नॉर्म’ लिहिलं आणि माझं लक्षच उडालं. हा शब्द मी बारावीत असताना ऐकला होता, एका सरकारी कार्यालयाच्या पायरीवर.

त्या साली सप्टेंबरात एका रात्री आमच्या शिवारात आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला. शेंगा भरत आलेलं सोयाबीन सकाळी गुडघाभर पाण्यात उभं होतं. बापू अर्ज घेऊन गेले, मी सोबत होते. उत्तर मिळालं: चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी, महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर ५८ ची नोंद आहे, नॉर्ममध्ये बसत नाही. ते मापक आमच्या वावरापासून अकरा किलोमीटरवर. वाटेनं बापू एवढंच म्हणाले, “ह्यो नार्म कोन ठरीवतं गं?” मला सांगता आलं नाही.

वर्गातला नॉर्म भलताच निघाला. तिथं तो म्हणजे व्हेक्टरची, म्हणजे दिशा असलेल्या अंतराची, लांबी. समजा, बसथांब्यापासून तीन किलोमीटर पूर्वेला आणि चार उत्तरेला आमचं वावर आहे. नाकासमोर गेलं तर अंतर ५. बांधाबांधानं गेलं तर ७. दोन्हींतलं मोठं तेवढंच धरायचं ठरवलं तर ४. हे तिन्ही नॉर्मच! अटी तीनच आहेत. लांबी शून्य फक्त शून्याचीच असावी, व्हेक्टर दुप्पट केला की नॉर्म दुप्पट व्हावा, आणि वळसा घालून गेलेलं अंतर थेट अंतरापेक्षा कमी भरू नये. एवढं पाळलं की कोणताही निवडा. मधल्या बिंदूपासून एक एकक अंतरावरचे सगळे बिंदू काढले तर पहिल्या नॉर्मनं गोल येतो, दुसऱ्यानं शंकरपाळी, तिसऱ्यानं चौकोन. मोजायची रीत बदलली की गोलाचा आकार बदलतो. त्या रात्री मला झोप आली नाही.

खोलीवरची मैत्रीण समाजशास्त्राची. ती म्हणते नॉर्म म्हणजे चारचौघांत पाळायची रीत. हवामान खातं तर जिल्ह्यातला पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्के कमी किंवा जास्त असला तरी ‘नॉर्मल’ म्हणतं. मग हे सगळं एकाच मुळाचं आहे का? दिवाळीला घरी जाईन तेव्हा बापूंना नीट सांगायचंय.

ओळंबा

ताई, मूळ एकच आहे, आणि ते आमच्या पेटीत आहे. मी परभणीत बांधकामं घेतो, घरी पिढीजात सुतारकी. लॅटिनमध्ये ‘नॉर्मा’ म्हणजे सुताराचा गुण्या, काटकोन बघायचं हत्यार. चौकट गुण्यात बसते का, हे बघण्यावरून पुढं ‘नियमात बसते का’ हा अर्थ आला. तुमच्या भूमितीत पृष्ठभागाला काटकोनात असलेल्या रेषेला नॉर्मल म्हणतात ना? तो अर्थ गुण्याला सगळ्यात जवळचा.

आणि तुमचं तीन, चार, पाच वाचून मला बरं वाटलं. पाया आखताना गुण्या लहान पडतो, तेव्हा आम्ही दोरीनं एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट खूण करतो. तिरकी दोरी बरोबर पाच फूट भरली की कोपरा काटकोनात. माझे आजोबा शाळेत गेले नव्हते, पण हे करायचे.

एक गोष्ट सांगतो. गुण्या खाली पडला की त्याचा कोन बिघडतो. म्हणून आधी गुण्या तपासायचा: फळीच्या सरळ कडेला लावून रेघ ओढायची, मग तो उलटा करून त्याच जागी दुसरी रेघ ओढायची. दोन्ही एकावर एक आल्या तर गुण्या खरा.

शब्दवेडे गुरुजी

ओळंबा यांनी फार मोलाचं सांगितलं. आपल्याकडं ‘नॉर्म’ला सरकारी कागदात ‘निकष’ लिहितात. निकष म्हणजे सोनाराचा कसोटीचा दगड. सोनं त्यावर घासायचं आणि उठलेल्या रेघेवरून कस ओळखायचा. तिकडचा शब्द सुताराच्या हातातला, आपला सोनाराच्या. पण फरक बघा. गुण्या एकच कोन दाखवतो, वस्तू बसते किंवा बसत नाही. कसोटीवर कमी-जास्त कळतं. तुमच्या वडिलांच्या अर्जाला निकष म्हणून गुण्या लावला गेला, असं मला वाटतं. ५८ आणि ५ यांना त्यानं एकच उत्तर दिलं.

अंगणवाडीवाली

पोरी, माझ्या कामातलं सांगते. मी सेलू तालुक्यात एकवीस वर्षं सेविका आहे. दर महिन्याला लेकरांची वजनं घेऊन आलेखावर ठिपका देते. हिरवा पट्टा, पिवळा पट्टा, केशरी पट्टा. मुलींचा आलेख वेगळा, मुलांचा वेगळा.

माझा बरीच वर्षं समज होता की हिरवा पट्टा म्हणजे जास्तीत जास्त लेकरं जिथं असतात तो. एका प्रशिक्षणात कळलं की तसं नाही. जगभर आधी जो तक्ता चालायचा तो १९७७ चा, अमेरिकेतल्या लेकरांवरून केलेला. ती पोरं जशी वाढली तशी मांडली. २००६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं नवा काढला. त्यासाठी सहा देशांतली साधारण ८,५०० लेकरं घेतली, त्यात आपली दिल्लीचीही होती. पण निवडताना अट होती: आईचं दूध मिळालेलं, आई विडी-सिगारेट न ओढणारी, घरची परिस्थिती बरी. म्हणजे सगळं नीट मिळालं तर लेकरू कसं वाढायला हवं, ते त्यात आहे. आपल्याकडं २००८ पासून तोच आला.

हे कळल्यावर मी आज्यांशी वेगळं बोलायला लागले. आजी म्हणते, “आमच्या घराण्यात लेकरं किरकोळच असत्यात.” तिच्या घरात ते खरंच आहे, चार पिढ्या तसंच दिसलंय. तिचा नॉर्म म्हणजे दिसतं ते. माझ्या आलेखाचा नॉर्म म्हणजे व्हायला हवं ते. ऊसतोडीहून परत आलेल्या घरातली लेकरं मी बघते, मार्च-एप्रिलात ठिपका हमखास खाली आलेला असतो. गावात सगळ्यांचाच खाली आलेला असतो, म्हणून कुणाला वावगं वाटत नाही. मला वाटतं. मी आलेख आईच्या हातात देते आणि तिलाच ठिपका दाखवायला सांगते.

तुझ्या मैत्रिणीला विचार, तिची रीत यातली कोणती? लोक करतात ती, की लोकांनी करावी असं लोकांना वाटतं ती?

काळा कोट (होऊ घातलेला)

संभाजीनगरला एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. बापूंचा प्रश्न आमच्या अभ्यासक्रमात जसाच्या तसा आहे. हान्स केल्सन नावाचा ऑस्ट्रियन कायदेपंडित होता, १९३४ मध्ये त्यानं मांडणी केली की प्रत्येक नॉर्मला बळ वरच्या नॉर्मकडून मिळतं. कार्यालयातल्या माणसाला शासन निर्णयातून, निर्णयाला कायद्यातून (इथं २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा धरता येईल), कायद्याला राज्यघटनेतून. घटना का पाळायची, याला तो वरचं उत्तर देत नाही. ते गृहीत धरावं लागतं, त्याला तो मूळ नॉर्म म्हणतो.

ताई, केल्सनच्या मते ‘आहे’ यातून ‘असावं’ कधीच निघत नाही. पाऊस ५८ पडला, हे झालं ‘आहे’. ६५ च्या खाली मदत नाही, हे कुणीतरी ठरवलेलं ‘असावं’. ठरवलेलं असतं ते बदलताही येतं. आणि मापक कुठं बसवायचं हेही कुणीतरी ठरवतंच.

पूर्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. अंगणवाडीवाल्या मावशी, तुमचं उत्तर मैत्रिणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली या दोन्हींना त्यांच्यात वेगळी नावं आहेत, आणि रात्री बारापर्यंत तेच समजावत बसली.

दिवाळीपर्यंत धीर निघाला नाही, बापूंना फोनवरच सांगितलं. गुण्या, कसोटीचा दगड, सगळं. केल्सनचं नाव वगळलं, साखळी सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि ओळंबा दादांच्या गोष्टीवरच थांबले: गुण्या उलटा करून तपासतात ती. म्हणाले, “मंग त्या मापकाचं बी तसंच करावं लागतंय. दुसरी रेघ आपुन वढू.”

काल त्यांनी सपाट बुडाचा, सरळ कडांचा डबा बांधावर झाडांपासून लांब खुंटीला बांधलाय. सकाळी साडेआठला मोजायचं, हवामान खातंही त्याच वेळेला दिवस बदलतं, हे मी सांगितलं. फूटपट्टी माझ्या दहावीच्या कंपासमधली. आज वहीत पहिला आकडा पडला, १२. मंडळाचा आकडा मी इथून पाहून त्याच्या शेजारी लिहिणार आहे.